दवंड्याची... काय? : घाटमाथ्यावर थांबलेल्या एका विमानाची गोष्ट

टोकावड्याला माझ्या बहिणीच्या घरी गेलो की भाचा मला हाताला धरून माळ्यावर नेतो. तिथे त्याचे विमान आहे. विमान म्हणजे एक जुना संगणक, जुन्या बाजारातून आणलेली जॉयस्टिक, टेबलाखाली पायाने दाबायचे दोन पेडल आणि भिंतीवर चिकटवलेला मुंबई विमानतळाचा नकाशा. वीज असेल तर तो रोज रात्री इशाच्या नमाजानंतर तासभर 'उडतो'. फ्लाइट सिम्युलेटर नावाचा हा प्रकार मी आधी व्हिडिओ गेममध्येच मोजत होतो. आता मोजत नाही.

गेल्या पावसाळ्यात त्याने मला शेजारी बसवले. पडद्यावर मुंबई होती, निदान तो तसे म्हणाला. मला फक्त करडा कापूस दिसत होता. त्याने दृश्यमानता ८०० मीटरवर ठेवली होती, वर पाऊस. विमान पूर्वेकडून २७ नंबरच्या धावपट्टीकडे निघाले होते. तो खिडकीकडे पाहतच नव्हता. त्याची नजर दोन लहान खुणांवर होती. एक डावी-उजवीकडे सरकणारी, दुसरी वर-खाली.

"मामू, बाहेर बघू नका. बाहेर काय नाय," तो म्हणाला.

२०० फुटांवर संगणकातून 'मिनिमम्स' असा आवाज आला आणि त्याच क्षणी कापूस फाटून दिव्यांची रांग समोर आली. विमान टेकले. माझ्या तळहाताला घाम होता. मग त्याने सहज विचारले, "मामू, आपल्या डोंगरात विमान पडलं होतं ना? दादी सांगायची ते खरं का?"

ते खरे आहे.

टोकावडे मुरबाड तालुक्यात, कल्याणहून माळशेजला जाणाऱ्या रस्त्यावर. गावातून पूर्वेला पाहिले की सह्याद्रीची भिंत उभी दिसते. वैशाखऱ्याच्या बाजूला नाणेघाटाचा अंगठा, पुढे मोरोशीचा भैरवगड, मग माळशेज. भिंतीच्या वर जुन्नर तालुका. सातवाहनांच्या काळापासून कोकण आणि देश यांच्यातला व्यापार या भिंतीतल्या खिंडीतून चालला. नाणेघाटात नागनिकेचा शिलालेख आहे, दगडी रांजण आहे. तो जकातीचा होता असे सांगतात. त्या वाटेने हजारो वर्षे बैल, घोडे, माणसे बिनबोभाट गेली. वाटाड्याला प्रत्येक दगड ठाऊक असायचा.

७ जुलै १९६२च्या मध्यरात्री, शुक्रवार सरून शनिवार लागताना, अलितालिया या इटालियन कंपनीचे डीसी-८ जातीचे चार इंजिनांचे जेट याच भिंतीकडे आले. फ्लाइट ७७१. सिडनीहून निघालेले, डार्विन आणि बँकॉक करून मुंबईला उतरायचे, मग कराची, तेहरान, रोम. विमानात ८५ प्रवासी आणि ९ कर्मचारी. मुंबई विमानतळाला ते पोचलेच नाही. शहरापासून सुमारे ८४ किलोमीटर ईशान्येला, जुन्नरच्या डोंगरात, साधारण ३,६०० फूट उंचीवर ते आदळले. ९४ पैकी एकही वाचला नाही.

अहवालात त्या डोंगराचे नाव इंग्रजीत 'दवंड्याची' असे आले आहे. मराठी माणसाने हे नाव वाचले की तो अडखळतो, कारण नाव अर्धे आहे. दवंड्याची काय? टेकडी, सोंड, माची, की आणखी काही? कुणीतरी स्थानिक माणसाने पूर्ण नाव सांगितले असणार, लिहून घेणाऱ्याने षष्ठीचा प्रत्यय ठेवला आणि नाम गाळले. जगभरच्या अपघातांच्या यादीत आज हा डोंगर असाच अर्धवट नावाने उभा आहे. ज्यांना त्या जागेची माहिती नव्हती त्यांच्यामुळे अपघात झाला आणि ज्यांना त्या भाषेची माहिती नव्हती त्यांनी तो नोंदवला, असे मला कधी कधी वाटते. थोडे अन्यायाचे आहे, पण वाटते.

त्या रात्रीचा हिशोब आपण आपल्या कॅलेंडरवरही लावू शकतो. हिजरी १३८२चा सफर महिना लागून चारेक दिवस झाले होते. मराठी पंचांगात आषाढाचा पहिला आठवडा. म्हणजे चंद्राची कोर होती, पण ती मध्यरात्रीच्या आधीच मावळलेली. आणि आषाढात घाटमाथ्यावर कोर असली काय, नसली काय! इथल्या माणसाला जुलैतला माळशेज सांगावा लागत नाही. भर दुपारी गाडीचे दिवे लावून, समोरच्या एसटीचा लाल ठिपका धरून आपण घाट उतरतो.

चौकशीने काढलेला निष्कर्ष थोडक्यात असा : दिशाशोधनात चूक झाली. त्यामुळे आपण मुंबईच्या बरेच जवळ आलो आहोत असा वैमानिकाचा समज झाला. त्या समजावर त्याने रात्री, बाहेरचे काही दिसत नसताना, सरळ उतरण्यासाठी वेळेआधीच उंची सोडायला सुरुवात केली. हातभार लावणारी कारणे तीन नोंदवली गेली. आपली जागा पक्की करण्यासाठी जी साधने उपलब्ध होती ती वापरली नाहीत, ठरवून दिलेल्या किमान सुरक्षित उंचीच्या खाली विमान नेले, आणि या मार्गावरच्या भूभागाची वैमानिकाला ओळख नव्हती.

हे वाचताना 'वेळेआधी' म्हणजे किती आधी, असा प्रश्न मला पडला. भाच्याने पेन्सिल काढली. विमान धावपट्टीकडे उतरते ते साधारण ३ अंशांच्या उताराने. या उतारावर धावपट्टीपासून ८४ किलोमीटरवर असलेले विमान १४,००० फुटांहून वर असायला हवे. आणि ३,६०० फुटांवर असलेले विमान धावपट्टीपासून २०-२१ किलोमीटरवर, म्हणजे जवळपास ठाण्याच्या आसपास असायला हवे. फरक झाला ६३ किलोमीटरचा. मिनिटाला सात-आठ किलोमीटर जाणाऱ्या जेटला ही आठ मिनिटे. हा आमचा माळ्यावरचा ढोबळ हिशोब आहे, चौकशी समितीचा नव्हे. पण अंदाज येतो. सिडनीपासून अर्धी पृथ्वी पार करून आलेल्या माणसाची घडी आठ मिनिटांनी चुकली होती.

आणि भूगोलाचा क्रूरपणा पाहा. घाटमाथ्याची कड तिथून काही किलोमीटरवर आहे. कड ओलांडली की जमीन एकदम दोन-अडीच हजार फूट खाली कोसळते आणि मुरबाडचा सखल पट्टा सुरू होतो. भातशेती, कौलारू घरे, टोकावडे. चूक तीच ठेवून विमान एक-दोन मिनिटे पुढे असते, तर मोठ्या आवाजाने आमच्या लोकांची झोपमोड करून ते निघून गेले असते. सकाळी कुणीतरी म्हणाले असते, काल रात्री विमान फार खालून गेले बुवा. आणि इतिहासात काहीच नोंदले गेले नसते.

बहिणीच्या सासूबाई, म्हणजे भाच्याची दादी, आता नाहीत. त्यांच्या आठवणीत तारीख नव्हती, कंपनीचे नाव नव्हते. "वरच्या डोंगरात इमान पडलं, लय मानसं मेली, परदेसची," इतकेच. मरणाऱ्यांसाठी त्या 'बिचारी' हा एकच शब्द वापरत. मी तेव्हा तरुण आणि शहाणा होतो, त्यामुळे पुढे काही विचारले नाही.

विमान अपघाताच्या अहवालात शेवटी माणसाची चूक निघते आणि लोकांचे समाधान होते. कुणीतरी चुकले, तो मेला, संपले. मला हे कधी पटले नाही. त्या वैमानिकाजवळ आजचा जीपीएस नव्हता. जमिनीवरून येणाऱ्या रेडिओ-खुणा, घड्याळ, वेग आणि वारा यांची गोळाबेरीज करून तो आपली जागा ठरवत होता. त्याच्या हातात साधने होती आणि त्याने ती पडताळली नाहीत, हे अहवाल म्हणतो आणि ते बरोबरच असणार. पण पडताळणी माणूस केव्हा करतो? शंका आली तर. त्याला शंका आलीच नसावी. ज्याला आपण हरवलो आहोत हे कळते तो थांबून विचारतो.

चार वर्षांनी हीच गोष्ट उलट दिशेने घडली. २४ जानेवारी १९६६ रोजी एअर इंडियाचे 'कांचनजंगा' हे बोईंग ७०७ जिनिव्हाला उतरताना माँ ब्लाँ शिखराजवळ आदळले. ११७ जण गेले, त्यात डॉ. होमी भाभा होते. तिथेही विमानातले एक दिशादर्शक यंत्र बिघडलेले होते, तिथेही डोंगर आपण ओलांडला असा वैमानिकाचा समज झाला होता. जमिनीवरच्या नियंत्रकाने रडारवर त्याची जागा पाहून दिलेली दुरुस्ती त्याला नीट समजली नाही. भाभांमुळे त्या अपघाताभोवती कटाच्या कहाण्या आजही फिरतात. जुन्नरच्या अपघाताभोवती एकही कहाणी नाही, कारण त्यात आपले कुणी मोठे नव्हते. आणि दोन्हीकडची साधी, कंटाळवाणी, खरी गोष्ट एकच : मी कुठे आहे याचे उत्तर चुकले.

'मी कुठे आहे' हा प्रश्न आपल्या परंपरेला परका नाही. अल-बिरुनीने गझनीसाठी किब्ल्याची दिशा काढायची म्हणून आधी गझनीचे स्थान ठरवले, शहरामागून शहर, रेखांशामागून रेखांश. नंदनाच्या किल्ल्याजवळ डोंगरावर उभे राहून क्षितिज किती खाली झुकलेले दिसते ते मोजले आणि त्यावरून पृथ्वीची त्रिज्या काढली. दिशा नंतर, आधी जागा. आमच्या व्हॉट्सअॅप ग्रुपांवर मात्र बिरुनीपेक्षा अब्बास इब्न फिरनास जास्त फिरतो. नवव्या शतकात कुर्तुब्यात पंख लावून उडालेला पहिला माणूस म्हणून. त्याची गोष्ट आपल्यापर्यंत मुख्यतः अल-मक्करीच्या ग्रंथातून येते आणि अल-मक्करी सतराव्या शतकातला, म्हणजे जवळपास साडेसातशे वर्षांनंतरचा. हे अंतर लक्षात ठेवूनच ती वाचावी. पण त्या गोष्टीतला मला आवडणारा भाग कुणी फॉरवर्ड करत नाही. इब्न फिरनास उडाला ठीक, उतरताना त्याची पाठ दुखावली. पक्षी उतरताना शेपटीचा आधार घेतो आणि त्याने शेपटी केलीच नव्हती, असे कारण तिथे दिले आहे. उड्डाणाच्या इतक्या जुन्या कथेतही तक्रार उतरण्याचीच आहे.

आता भाच्याच्या पडद्यावरच्या त्या दोन खुणांकडे येतो. धावपट्टीच्या टोकाला एक रेडिओ-यंत्र असते. ते दोन झोत पाठवते. मधल्या रेषेच्या एका बाजूला एक सूर जास्त ऐकू येतो, दुसऱ्या बाजूला दुसरा. दोन्ही सारखे आले की विमान बरोबर मध्यावर आहे. अशीच दुसरी जोडी उताराचा कोन सांगते. याला आयएलएस म्हणतात. त्यावर विसंबून वैमानिक साधारण २०० फुटांपर्यंत आंधळा उतरू शकतो. तिथे धावपट्टी किंवा तिचे दिवे दिसले तर उतरायचे, नाहीतर विचार न करता पुन्हा वर जायचे. यंत्रणा आणि प्रशिक्षण आणखी वरच्या दर्जाचे असेल तर ही मर्यादा १०० फुटांवर, त्याहूनही खाली येते. १० जून १९६५ रोजी लंडनला ट्रायडंट जातीच्या विमानाने प्रवासी घेऊन आपोआप धावपट्टीला टेकण्याचा पहिला प्रयोग केला. आज दिल्लीच्या जानेवारीतल्या धुक्यात अशीच उतरणी चालते आणि त्यासाठी वैमानिकांना आधी सिम्युलेटरमध्ये घासून घेतले जाते.

सिम्युलेटरचा जन्मच मुळी धुक्यातून झाला. एडविन लिंक हा अमेरिकन माणूस वडिलांच्या बाजाच्या कारखान्यात वाढला. चर्चमधले ऑर्गन आणि आपोआप वाजणारे पियानो तिथे बनत. हवेचे भाते, झडपा, नळ्या हे त्याचे सामान. आपली बाजाची पेटी ज्या तत्त्वावर वाजते, त्याच भात्यांवर त्याने १९२९मध्ये एक खोटे विमान उभे केले, जागच्या जागी कलणारे आणि डुलणारे. सुरुवातीला ते जत्रेतल्या खेळण्यासारखेच वापरले गेले. मग १९३४मध्ये अमेरिकी लष्कराला टपाल वाहण्याचे काम मिळाले. हिवाळ्याच्या वाईट हवामानात, यंत्रांवर उडण्याची सवय नसलेले डझनभर तरुण वैमानिक काही आठवड्यांत दगावले. तेव्हा लष्कराला लिंकची आठवण झाली. त्याची वाट पाहणारे अधिकारी धुके पाहून निघायच्या बेतात होते आणि लिंक त्याच धुक्यातून विमान घेऊन उतरला, असे सांगतात. लष्कराने सहा यंत्रे घेतली. दुसऱ्या महायुद्धात पाच लाखांवर लोक अशा पेट्यांत बसून शिकले. बहिणीला मी हे सांगितले तेव्हा ती म्हणाली, म्हणजे हे खेळणं नाय तर! मी म्हटले, होते, पण मग माणसे मेली.

पण आयएलएस विमानतळाजवळ कामाला येतो. ८४ किलोमीटरवर डोंगर आहे हे कोण सांगणार? त्यासाठी आणखी अपघात व्हावे लागले. १ डिसेंबर १९७४ रोजी वॉशिंग्टनजवळ टीडब्ल्यूए ५१४ या विमानाने अगदी तशीच वेळेआधी उंची सोडली आणि डोंगराला धडकले. ९२ जण गेले. त्यानंतर अमेरिकेने जमीन जवळ आल्याची सूचना देणारे यंत्र सक्तीचे केले. डॉन बेटमन या अभियंत्याने त्या यंत्रावर आयुष्य घातले. पहिल्या पिढीचे यंत्र फक्त थेट खाली पाहायचे. जमीन हळूहळू चढत असेल तर ते वेळेवर ओरडायचे. समोर सह्याद्रीसारखा ताठ कडा असेल तर ओरडेपर्यंत उशीर. म्हणून पुढच्या पिढीत यंत्रालाच जगाचा नकाशा दिला गेला, म्हणजे ते समोरचेही 'पाहू' लागले. फेब्रुवारी २०००मध्ये 'एन्डेव्हर' या अंतराळयानाने ११ दिवसांत पृथ्वीच्या बहुतेक जमिनीची उंची रडारने मोजली. ती मोजणी पुढे सर्वांना खुली झाली. भाच्याच्या संगणकातला सह्याद्री त्यातूनच आलेला आहे. नाणेघाटाचा अंगठा थोडा बोथट दिसतो, पण ओळखू येतो.

मुंबईच्या आकाशाने मात्र आपला हिशोब चालूच ठेवला. २४ सप्टेंबर १९७२ रोजी जपान एअरलाइन्सचे डीसी-८ सांताक्रूझ समजून जुहूच्या छोट्या धावपट्टीवर उतरले आणि ती संपून पुढे गेले. सुदैवाने कुणी दगावले नाही. इथे धावपट्टी दिसली होती, पण चुकीची. ४ ऑगस्ट १९७९ला पुण्याहून मुंबईला येणारे इंडियन एअरलाइन्सचे अॅव्रो विमान पनवेलजवळच्या डोंगरावर आदळले, ४५ जण गेले. तोच सह्याद्री, तोच पाऊस. जून १९८२मध्ये मुंबईतच मुसळधार पावसात उतरताना एअर इंडियाचे ७०७ मोडले, १७ दगावले. आणि ७ ऑगस्ट २०२०ची कोझिकोडची रात्र आपल्यापैकी अनेकांनी मोबाइल हातात धरून काढली आहे. दुबईहून येणारे विमान, पाऊस, डोंगरावरची धावपट्टी, २१ मृत्यू. आपल्या भागातल्या कितीतरी घरांचा चुलखंड आखाती नोकरीवर पेटतो. जुलै-ऑगस्टमध्ये परत येणाऱ्या मुलाचे विमान टेकल्याचा फोन येईपर्यंत आई जानमाजवरून उठत नाही. हे मी कोकणातल्या मोहल्ल्यांत पाहिले आहे, मुरबाड-शहापुरातही. दृश्यमानता हा तिच्यासाठी तांत्रिक शब्द नाही.

त्याच रात्री भाच्याने प्रयोग करायचे ठरवले. जीपीएस बंद. जमिनीची सूचना देणारे यंत्र बंद. तारीख ७ जुलै, वेळ मध्यरात्र, ढग घाटमाथ्याला टेकलेले. विमान औरंगाबादच्या बाजूने आणायचे आणि ठरल्यापेक्षा आठ मिनिटे आधी खाली सोडायचे. घड्याळ माझ्या हातात. मला वाटले होते, डोंगर येणार हे माहीत असताना काय भीती!

सांगतो, भीती वाटली नाही हेच भयंकर होते. सगळे काटे शांत. इंजिने नीट. बाहेर काळा कापूस. विमान अत्यंत समाधानाने खाली जात होते. पहिल्या वेळी आम्ही दोन डोंगरांच्या मधून निसटलो आणि अचानक खालची जमीन दूर गेली. उंची दाखवणारा रेडिओचा आकडा काही क्षणांत हजारोंनी वाढला. भाचा ओरडला, "मामू, कडा गेला! आपण घरावर आलो!" दुसऱ्या वेळी नाही निसटलो. पडदा एकदम थांबला, एक ओळ आली आणि पुन्हा सुरू करायचे का असे संगणकाने विचारले.

आम्ही दोघे काही बोललो नाही. खाली बहीण भांडी आवरत होती. भाच्याने सुरू करायचे बटण दाबले नाही. त्याने नकाशा उघडला, घाटमाथ्यावर पेन्सिलने एक फुली केली आणि तिच्याशेजारी काय लिहायचे ते मला विचारले. मी म्हटले, दवंड्याची लिही, पुढे जागा मोकळी सोड. रविवारी पाऊस कमी असला तर वर जुन्नरच्या बाजूला जाऊन गुराख्यांना पुढचा शब्द विचारायचा बेत आहे.